फिरायला जा, पण कुणाबरोबर?



ही व्याख्यानमाला ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ चालते, त्यांच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली बऱ्याचदा एक ओळ जादा असायची, असं जुनी माणसं सांगतात: ‘रोज मोकळ्या हवेत फिरणे.’ वरची औषधं मेडिकलमध्ये मिळायची. ही खालची ओळ कुठे मिळायची?

इथे बसलेल्या निम्म्या लोकांना हा सल्ला कधी ना कधी मिळालाच असेल. शुगर वाढली, फिरा. झोप लागत नाही, फिरा. बाबा गेल्यापासून आई खोलीबाहेर पडत नाही, तिला जरा बागेत नेत चला. सल्ला बरोबरच आहे. पण जो मुलगा दोन महिने अंथरुणातून उठलेला नाही, ज्याला कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडपर्यंत जायचीही धास्ती वाटते, तो एकटा टेकडीवर जाईल? आणि समजा कुणी त्याला घेऊन गेलं, तर नेणाऱ्याला त्याच्याबद्दल काय माहीत असतं?

आज मला या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय. मी मनोविकार विभागात समाजकार्य करणारी बाई. दवाखान्यातून पाठवलेल्या लोकांना घेऊन टेकडीवर, रोपवाटिकेत, तळ्याकाठी जाणं हा माझ्या कामाचा एक भाग. झाडाखाली बसून मन बरं होतं का, यावर तासभर गोड बोलता येईल. माझी काळजी त्याहून साधी आहे. सकाळी पंधरा माणसं नेली, तर पंधराच्या पंधरा धड घरी पोचली पाहिजेत. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावंसं त्यांना वाटलं पाहिजे.

हे काम सरकारी पातळीवर नेटाने केलं ते इंग्लंडने. तिथल्या एनएचएस या आरोग्यसेवेने २०१९च्या आपल्या दीर्घकालीन आराखड्यात ‘लिंक वर्कर’ नावाच्या माणसाला जागा दिली. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, एखादा येतो. त्याचं दुखणं खरं असतं, पण त्याला औषधापेक्षा माणसांची, हाताला कामाची, घराबाहेर पडण्याची गरज असते. डॉक्टर त्याला या लिंक वर्करकडे पाठवतात. तो निवांत बसून ऐकतो, आणि जवळपासच्या एखाद्या गटाशी त्याची गाठ घालून देतो. मग २०२१पासून ब्रिस्टल, ग्रेटर मँचेस्टर, नॉटिंगहॅमशर, डर्बीशर, सरे अशा सात भागांत खास निसर्गातल्या उपक्रमांसाठी सुमारे ५८ लाख पौंड दिले गेले. दोन वर्षांत आठ हजारांवर माणसं सामूहिक बागांत, रानवाटांवर, पाण्याकाठी गेली. सुरुवातीपेक्षा शेवटी बरं वाटतंय, असं त्यांनी सांगितलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर तर २०१८पासून डॉक्टर रुग्णाच्या हातात महिनेवार पत्रकच देतात: या महिन्यात कुठे जा, काय पाहा.

मी भारावून जाऊन सांगत नाहीये. इंग्लंडच्या त्या मोजमापात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. न जाता घरी बसलेली तशीच माणसं कशी राहिली असती, ते त्यातून कळत नाही. या विषयावर जो तो १९८४चा एक अमेरिकन अभ्यास सांगतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. अभ्यास चांगला आहे. रुग्ण किती? ४६. तेव्हा बेताने बोलावं. फिरणं हा उपचाराला जोड आहे. उपचार बंद करून फिरायला जाणं हा तिसराच प्रकार, त्याकडे मी येतेच.

इंग्लंडच्या या सगळ्या खटाटोपात मला हेवा वाटतो तो मधल्या माणसाचा. आपल्याकडे तो पगारी माणूस नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, गावात आशाताई असतात. दोघेही आधीच वाकलेले. त्यामुळे आपल्याकडे मधला माणूस म्हणजे बहुधा एक चिठ्ठी. ‘फिरण्याच्या गटात घ्यावे.’ खाली सही, शिक्का.

माझा पहिला मुद्दा या चिठ्ठीचा, आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे. कारण अपघात जंगलात होतो, पण त्याची तयारी बहुतेक वेळा या चिठ्ठीत झालेली असते.

गट नेणाऱ्याला काय कळायला हवं? निदान? लोकांना वाटतं, आम्हाला रोगाचं नाव हवं असतं. मला ते नको. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वाचून स्वयंसेवक नुसता घाबरतो; त्याच्या हाती काही लागत नाही. मला हवं ते असं: उन्हात त्रास होईल अशी गोळी चालू आहे का? इन्शुलिन घेतात का, आणि नाश्ता किती वाजता? फिट येते का, शेवटची कधी आली? दम्याचा पंप खिशात असतो का? मधमाशी चावून कधी अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला असं झालंय का? चक्कर येऊन पडलेत का? सध्याच्या दिवसांत यांना एकटं सोडू नये असं काही आहे का? आणि गरज पडली तर कुणाला फोन करायचा, घरच्या कुणाला, आणि कुणाला अजिबात करायचा नाही?

हे सगळं त्या माणसाला विचारून, त्याच्या संमतीने. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो कागदावर राहू नये. लहान गावात तर फारच जपावं लागतं, कारण तिथे गटात कोण कुणाचा मेहुणा निघेल सांगता येत नाही.

आमच्याकडे पहिली भेट चालण्याची नसते. बाकावर बसून बोलण्याची असते. एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते: तुम्हाला बरं वाटेनासं झालं, तर आम्हाला ते कशावरून कळेल? एक तरुण मुलगा पहिली दहा मिनिटं जमिनीकडे बघत बसला होता. या प्रश्नावर त्याने मान वर केली आणि म्हणाला, “मॅडम, मी बोलायचा थांबलो तर मला खाली बसवू नका. चालतं ठेवा. आणि पाठीवर हात ठेवू नका, मला ते सहन होत नाही.” आता सांगा, ही माहिती कुठल्या केसपेपरवर मिळाली असती? आपल्याकडे तर कुणी गप्प झालं की चार जण पाठ थोपटायला धावतात.

चिठ्ठी पाठवणाऱ्याकडूनही काही हवं असतं. कधीकधी उत्तर ‘सध्या नको’ असं असायला हवं, आणि ते डॉक्टरांनीच द्यायला हवं. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार जोरात आहेत, ज्याची औषधं कालच बदलली, जो वॉर्डातून परवाच घरी आला, त्याला आमच्याकडे पाठवण्याआधी फोनवर दोन मिनिटं बोला. आमचा गट वॉर्ड नाही. तिथे सिस्टर नाही, मदतीला वॉर्डबॉय नाही. आहेत त्या दोन बायका आणि वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका. कुणाला सांभाळणं आमच्या आवाक्यात आहे आणि कुणाला नाही, हे ठरवण्यात कमीपणा कसला?

आणि गोळ्या. चार आठवडे चाललं, झोप लागायला लागली, भूक लागली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आता बरंय, गोळ्या बंद केल्यात.” पाठोपाठ एखादा उत्साही स्वयंसेवक म्हणतो, “छान! कशाला ती केमिकलं? प्राणायाम करा.” अशा स्वयंसेवकाला त्याच दिवशी हात जोडावेत, चहा पाजावा आणि निरोप द्यावा. औषधाबद्दल गटातल्या कुणी ब्र काढायचा नाही. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका’ एवढंच बोलायचं, आणि ज्यांनी पाठवलं त्यांना कळवायचं.

दुसरा मुद्दा उन्हाचा. इंग्लंडमधल्या पुस्तिकांत थंडीची, चिखलाची, गोचिडांची काळजी असते. आपला वैरी डोक्यावर असतो. एप्रिल २०२३मध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या माणसांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. ती तर कुठलीही चिठ्ठी नसलेली माणसं होती. आमच्याकडे येणाऱ्यांच्या अंगात औषधं असतात. लिथियम घेणाऱ्याला भरपूर घाम आला, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढतं. मग हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं, ऊन लागलंय, लिंबूपाणी द्या. मनोविकाराच्या काही गोळ्यांनी अंग ताठरू नये म्हणून जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. त्याने घामच कमी येतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. क्लोरप्रोमाझिनवर असलेल्याची कातडी उन्हात चटकन भाजते. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्या आजोबांची गोष्ट आणखी वेगळी.

मग सकाळी सहाला जावं? सांगायला सोपं. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी आठपर्यंत उतरत नाही, सहाला कोण उठणार? बरं, संध्याकाळी जावं, तर एप्रिल-मे महिन्यांत चार वाजता आभाळ भरून येतं आणि वीज कडाडते. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, ते विजेचा इशारा देतं. पण एकट्या आंब्याखाली उभं राहू नये हे ॲपशिवायही कळायला हवं. आम्ही यावर काढलेला तोडगा असा: मार्च उजाडला की चालणं बंद. रोपवाटिकेच्या सावलीत बसायचं, बिया निवडायच्या, पिशव्यांत माती भरायची. करंजाच्या बिया निवडता निवडता माणसं जितकं बोलतात, तितकं टेकडी चढताना बोलत नाहीत. चढताना दम लागतो ना!

उन्हाबरोबर पायाचंही सांगून टाकते. दवावरून अनवाणी चालावं, दृष्टी सुधारते, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. आमच्या गटातल्या एका मावशींनी हिरवळ दिसताच चपला काढून हातात घेतल्या. परत येताना फरशीवर एका पावलाचा लाल ठसा उमटत होता. आम्ही त्यांना बसवलं, टाच वर करून पाहिली. बाभळीचा काटा निम्मा आत. मावशी म्हणाल्या, “अगं बाई! कधी लागला?” पंधरा वर्षांचा मधुमेह, तळव्यांना संवेदना नाही. असा काटा आत राहिला तर पुढे जखम चिघळते, आणि कधीकधी गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. म्हणून आता नियम आहे: बंद बूट, आणि शेवटी बाकावर बसून एकमेकांचे तळवे बघायचे. सुरुवातीला सगळे लाजतात. नंतर त्यावरच सर्वांत जास्त हसू होतं.

साप, विंचू, मधमाश्या यांची भीती लोकांना जास्त, म्हणून मी त्यावर कमी बोलते. पावसाळ्यात उंच गवतात जायचं नाही, दगड उचलायचे नाहीत. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता रुग्णालय गाठायचं. कोणतं रुग्णालय? ते आधी ठरलेलं हवं. सर्पविषावरचं इंजेक्शन कुठे शिल्लक आहे, हे निघण्याआधी फोन करून विचारायचं. साप चावल्यावर शोधत हिंडायचं नसतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, तेव्हा कोकणात किती घरं वाचली; पण तोही वेळेत पोचलेल्यांनाच उपयोगाचा. आग्या मोहोळ असलेला कडा दिसला की वाट बदला. कोकणात भातखाचरात उतरायचं तर पायावर जखम आहे का पाहा. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू तिथूनच शिरतो. दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या रानात जाणार असाल, तर माकडतापाचे दिवस कुठले, हे आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आधी जाऊन जागेची रेकी करताना मात्र एक गोष्ट ट्रेकिंगवाले विसरतात: संडास. हसू नका. लघवीच्या गोळीवरच्या बाईला तासाभरात जावं लागतं. आडोसा नाही म्हणून ती आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही, आणि मग उन्हात कोसळते. सुरक्षेचा एवढा मोठा प्रश्न दाराच्या एका कडीने सुटतो. जिथे स्वच्छ संडास नाही, तिथे आम्ही गट नेत नाही, मग देखावा कितीही सुंदर असो.

अवजारांचं आणि फवारणीच्या औषधांचं थोडं गंभीरपणे सांगते. बागेत काम करायचं तर विळा, खुरपी, कात्री हातात येणारच. मोजून द्यायची, मोजून घ्यायची, आणि हे सर्वांसमोर करायचं, म्हणजे कुणा एकावर नजर आहे असं वाटत नाही. कीटकनाशक मात्र त्या आवारातच नको. कुलपातही नको. यवतमाळात २०१७मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती सर्व कामाला सरावलेली माणसं होती. आणि ज्यांच्या मनात काळोख दाटलाय अशांना आपण जिथे बोलावतो, तिथे विषाची बाटली ठेवायची? निंबोळी अर्कावर जेवढी वांगी येतील तेवढी येऊ द्या.

वांग्यांवरून आठवलं. ती विकली जातात, तेव्हा पैसे कुणाचे? मनोरुग्णालयांतल्या बागा नि शेतं वर्षानुवर्षं कुणाच्या घामावर पिकली, याचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. २०१७च्या त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय: मानसिक आरोग्य संस्थेत कुणावर कामाची सक्ती करायची नाही, आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यायचा. आपला गट रुग्णालयाबाहेरचा असला, तरी ही रेघ आपणही पाळावी. आजारपणाच्या नावाखाली फुकटची मजुरी करून घेणं हीसुद्धा इजाच आहे. फक्त तिला मलमपट्टी लागत नाही.

फोटोंचंही तसंच. देणगीदाराला फोटो हवेत, वृत्तपत्राला हवेत, पाहुण्यांना तर रोप हातात धरून हवेतच, मागे फलक लावून. गटातल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं. तिचा एक फोटो व्हॉट्सॲपवर ‘मनोरुग्णांची निसर्गसहल’ अशा मथळ्याखाली फिरला असता तर? म्हणून चेहऱ्यांचे फोटो नाहीत. अहवालात बोटांना लागलेली माती दाखवा.

आता शेवटचा मुद्दा: थांबा म्हणायचा अधिकार कुणाचा?

मार्च १९९३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाचा उपसागर. प्लिमथच्या एका शाळेची मुलं साहस केंद्रातर्फे कायाकमधून समुद्रात उतरली, वारा त्यांना खोल पाण्यात घेऊन गेला, चार मुलं गेली. चौकशीत निघालं की तिथल्या सुरक्षेत त्रुटी आहेत हे दोन प्रशिक्षकांनी आधीच पत्र लिहून केंद्राला कळवलं होतं. पत्र पोचलं होतं, वाचलं गेलं होतं. पुढे ती कंपनी आणि तिचा संचालक सदोष मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरले, आणि १९९५मध्ये मुलांना साहसासाठी नेणाऱ्या केंद्रांसाठी कायदा झाला. तिथे आजारी माणसं नव्हती, धडधाकट शाळकरी मुलं होती. तरी मी हे उदाहरण प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते. धोका कुणालाच दिसला नाही, असं क्वचित होतं. ज्याला दिसतो त्याच्या हातात अधिकार नसतो, हे नेहमीचं.

म्हणून आमच्याकडे दोघं असतात. लीडर पुढे, आणि सर्वांत मागे एक, ट्रेकवाले ज्याला ‘स्वीप’ म्हणतात. दोघांपैकी कुणीही ‘आज नाही’ म्हटलं की त्या दिवशी नाही. त्यावर चर्चा नाही, वरिष्ठांना फोन नाही. बस ठरलेली असो, डबे आलेले असोत, पाहुणे वाट बघत असोत. आणि गटातलं कुणीही, कारण न सांगता, निम्म्या वाटेवरून परत फिरू शकतं. त्याच्याबरोबर एक जण परत येतो. दोन माणसं लागतात ती यासाठीच. एकटा लीडर परत फिरणाऱ्याला एकटं सोडेल किंवा त्याला रेटत पुढे नेईल, तिसरं काय करणार?

कुणी ठरल्या वेळी आलं नाही, तर त्याच दिवशी दुपारच्या आत फोन. रागावण्यासाठी नव्हे, तब्येत बिघडल्याची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते. फोन उचलला नाही तर घरच्यांना. बोलण्यावरून काळजी वाटली तर ज्यांनी पाठवलं त्यांना. रात्रीबेरात्री कुणालाच गाठता येत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच भेटीत भरून दिलेला असतो. तातडी असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. गटाचे ठरलेले बारा आठवडे संपले की परतीची चिठ्ठी आम्ही लिहितो, पाठवणाऱ्याच्या नावाने: किती वेळा आले, काय जमलं, काय जमलं नाही, पुढे कुठल्या गटात जाणार आहेत. ‘पुढे कुठे’ ही जागा कोरी राहिली, तर आम्ही त्यांना सोडत नाही. रोपवाटिकेत अशी बरीच मंडळी अजून येत-जात असतात, काही तर आता चहाचा हिशेब बघतात.

समोरच्या दोन रांगांत तालुक्यातली डॉक्टर मंडळी बसलेली मला दिसताहेत. आपल्याकडे लिंक वर्कर येईल तेव्हा येईल. तोवर मला तुमच्याकडून पैसा नको, सभागृह नको, उद्घाटनाला तर मुळीच येऊ नका. सकाळी सात ते दहा या वेळात उचलला जाईल असा एक मोबाइल नंबर द्या, तुमचा किंवा तुमच्या कंपाउंडरचा. आभारप्रदर्शन झालं की चहा आहे. तिथे मी वही घेऊन दाराशीच उभी राहते.